मीमांसक गागाभट्ट आणि अधिकाराचा प्रश्न

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आली की महाराष्ट्राला रायगडाचे स्मरण होते आणि त्या स्मरणाबरोबर गागाभट्टांचे नाव ओठांवर येते. इ. स. २०२४ साली श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास ३५० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा हे नाव गावोगावच्या सभांतून पुन्हा निनादले. आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीत तर या नावाचा उच्चार होण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या ज्ञातीच्या संस्कारांविषयी ‘कायस्थधर्मदीप’ नावाचा ग्रंथ ज्यांनी रचला, ते हेच गागाभट्ट. मुंजीचा विषय निघाला की आपल्या घरांतील वडील मंडळी या ग्रंथाचा हवाला देत आली आहेत.

परंतु ज्या पुरुषाचा आपण असा हवाला देतो, तो स्वतः कोण होता, कोणत्या विद्येत वाढला आणि कोणत्या विचाराच्या बळावर त्याने एवढे मोठे निर्णय दिले, याची ओळख आपल्या घरांतून फारशी आढळत नाही. राज्याभिषेकाचा पुरोहित एवढीच त्यांची मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. वस्तुतः गागाभट्ट हे प्रथम आणि अखेर मीमांसक होते. त्यांच्या मीमांसेचे मर्म थोडे तरी कळल्यावाचून त्यांचे चरित्र कळावयाचे नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र आणि त्यांचे शास्त्र ही दोन्ही एकत्र मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

गागाभट्टांचे घराणे मूळचे गोदातीरीच्या पैठणचे. विश्वामित्र गोत्राचे हे देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात या घराण्यातील रामेश्वरभट्ट पैठण सोडून निघाले आणि अखेर काशीस जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म इ. स. १५१३ चा. या नारायणभट्टांनी काशीत दाक्षिणात्य पांडित्याचा पाया इतका पक्का घातला की जगद्गुरू ही पदवी त्यांच्याकडे चालून आली आणि विद्वत्सभेतील अग्रपूजेचा मान त्यांच्या घराण्याकडे राहिला. ‘प्रयोगरत्न’ आणि ‘त्रिस्थलीसेतु’ हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. भग्न झालेले काशीविश्वेश्वराचे देवालय इ. स. १५८५ च्या सुमारास राजा तोडरमल्लाच्या साहाय्याने पुन्हा उभे राहिले, त्याचेही श्रेय नारायणभट्टांना दिले जाते.

या एकाच घराण्याने पुढील तीन पिढ्यांत जे ग्रंथ निर्माण केले, त्यांची नुसती नामावळी पाहिली तरी मन थक्क होते. नारायणभट्टांचे पुत्र रामकृष्णभट्ट आणि शंकरभट्ट हे दोघेही मीमांसक. शंकरभट्टांनी ‘मीमांसाबालप्रकाश’ लिहिला. शिवाय आपल्या घराण्याचा वृत्तान्त ‘गाधिवंशानुचरित’ या काव्यात ग्रथित केला. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ यांनी बारा मयूखांचा ‘भगवन्तभास्कर’ रचला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ इंग्रजी अमदानीत मुंबईच्या हायकोर्टात गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांतील हिंदूंच्या वारसाहक्कासाठी श्रेष्ठ प्रमाण मानला जात असे. रामकृष्णभट्टांचे पुत्र कमलाकर यांनी इ. स. १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. व्रतवैकल्यांच्या तिथीविषयी शंका आली असता महाराष्ट्रातील जाणते उपाध्याय कित्येक पिढ्या याच ग्रंथाकडे धाव घेत आले. कमलाकरांचे बंधू दिनकरभट्ट हे आपल्या चरित्रनायकाचे वडील होत. पार्थसारथिमिश्रांच्या ‘शास्त्रदीपिके’वर त्यांनी ‘भाट्टदिनकर’ ही टीका लिहिली.

दिनकरभट्टांच्या या पुत्राचे नाव विश्वेश्वर. गागा हे वडिलांनी लाडाने ठेवलेले नाव. जगाने मात्र ते लाडके नावच उचलून धरले आणि इतिहासातही तेच रूढ झाले. वडिलांनी ‘दिनकरोद्द्योत’ नावाचा धर्मशास्त्रावरील मोठा ग्रंथ आरंभिला होता, तो पुत्राने पूर्णत्वास नेला. पित्याचे अपुरे कार्य पुरे करणे हा पितृऋण फेडण्याचा मार्ग आपल्याकडे मानला आहे. गागाभट्टांनी ते ऋण लेखणीने फेडले.

आता ज्या शास्त्रात हे घराणे मुरले होते, त्याचे स्वरूप पाहू. मीमांसा या शब्दाचा अर्थ आदरपूर्वक केलेला विचार. वेदाचे दोन भाग कल्पिले जातात: कर्मकांड आणि ज्ञानकांड. कर्मकांडाचा विचार करणारी ती पूर्वमीमांसा. तिची सूत्रे जैमिनींची असून ती बारा अध्यायांत विभागलेली आहेत. ज्ञानकांडाचा म्हणजे उपनिषदांचा विचार करणारी ती उत्तरमीमांसा. तिलाच आपण वेदान्त म्हणतो आणि तिची सूत्रे बादरायणांची. पहिलीचा विषय धर्म, दुसरीचा विषय ब्रह्म. पहिली मनुष्यास काय करावे हे सांगते. दुसरी जे मुळातच आहे ते काय आहे हे सांगते. नावाप्रमाणे या दोघी एकाच कुळातील आहेत. परंतु बहिणींमध्ये असतो तसा जिव्हाळाही त्यांच्यात आहे आणि वादही आहे.

पूर्वमीमांसेचा पहिला सिद्धान्त असा की धर्म हा डोळ्यांना दिसणारा पदार्थ नव्हे. अग्नीने हात भाजतो हे पाहून कळते. परंतु अमुक कर्म केल्याने अमुक श्रेय लाभते, हे पाहून कळत नाही. अनुमानानेही ते हाती लागत नाही. ते केवळ वेदाच्या विधिवाक्यावरून कळते. हा वेद कोणा मनुष्याने रचलेला नाही, किंबहुना ईश्वरानेही रचलेला नाही, तो अपौरुषेय आहे, असे मीमांसक मानतात. वाक्य खोटे ठरते ते सांगणाऱ्याच्या दोषामुळे. जेथे सांगणाराच नाही तेथे दोष तरी कोणाचा धरावा? शिवाय कोणतेही ज्ञान हे स्वतःच प्रमाण असते. ते अप्रमाण आहे असे म्हणणाऱ्यानेच तसे दाखवून द्यावयाचे असते. या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिलभट्टांनी हे सिद्धान्त बौद्धांशी वाद करून बळकट केले. त्यांच्या परंपरेला भाट्टमत म्हणतात आणि गागाभट्टांचे घराणे याच मताचे अनुयायी होते.

दुसरा सिद्धान्त अपूर्वाचा. यज्ञ आज होतो, आहुती भस्म होते आणि फळ तर पुष्कळ काळाने, कदाचित मरणोत्तर मिळावयाचे असते. मधला दुवा कोणता? मीमांसक म्हणतात की केलेले कर्म नाहीसे झाले तरी त्यापासून एक अदृश्य सामर्थ्य उत्पन्न होते आणि ते फळ मिळेपर्यंत टिकून राहते. त्याचे नाव अपूर्व. जमिनीत पेरलेले बी दिसेनासे होते, म्हणून ते वाया गेले असे शेतकरी म्हणत नाही, तद्वतच हे समजावे.

तिसरी गोष्ट वाक्यार्थाची. व्यवहारात सर्वांत उपयोगी तीच. वेदातील प्रत्येक वाक्य आज्ञा देत नाही. काही वाक्ये विधीची, काही निषेधाची, तर काही केवळ स्तुतीची वा निंदेची असतात. या स्तुतिनिंदेच्या वाक्यांना अर्थवाद म्हणतात. अर्थवादाने मन कर्माकडे वळते, परंतु त्यावरून स्वतंत्र आज्ञा काढता येत नाही. कोणते वाक्य विधी आणि कोणते अर्थवाद, दोन वचनांत विरोध आला तर बलवत्तर कोणते, याचा निर्णय करण्यासाठी मीमांसकांनी बारीक नियम घातले. प्रत्येक प्रश्नाची मांडणी ते ठरावीक पायऱ्यांनी करतात: आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग त्याचे उत्तर आणि शेवटी निर्णय. अशा एका विचाराला अधिकरण म्हणतात. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण बळानिशी मांडल्याखेरीज आपले मत मांडू नये, हा या शास्त्राचा शिष्टाचार होय. धर्मशास्त्रावरील आपल्या निबंधग्रंथांचा कणा म्हणजे हीच पद्धती.

या विद्येत गागाभट्टांनी स्वतःचा ठसा उमटविला. जैमिनीच्या सूत्रांवरील ‘भाट्टचिंतामणि’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. सूत्रांवरच ‘कुसुमांजलि’ नावाची त्यांची टीका आहे. अलंकारशास्त्रातही त्यांचा प्रवेश होता. ‘चंद्रालोका’वर त्यांनी ‘राकागम’ ही टीका लिहिली. कुमारिलांचे श्लोकबद्ध वार्तिक जैमिनीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादापुरतेच आहे. तो श्लोकरचनेचा धागा पुढे नेणारा ग्रंथ गागाभट्टांनी शिवाजीमहाराजांच्या इच्छेवरून रचला आणि त्याचे नाव ‘शिवार्कोदय’ ठेविले. तलवार हाती असलेल्या राजाने मीमांसेसारख्या कठीण शास्त्रावर ग्रंथ लिहवून घ्यावा आणि त्या ग्रंथाच्या नावातच राजाचे नाव सूर्यासारखे उगवावे, यावरून या दोघांचा संबंध केवळ दक्षिणेपुरता नव्हता हे उघड होते.

मीमांसेच्या सर्व विचारांत ज्याचा धक्का प्रत्यक्ष माणसांच्या जीवनाला बसतो, तो विचार अधिकाराचा. कर्म कोणी करावे? जैमिनींचा सहावा अध्याय याच प्रश्नाला वाहिलेला आहे. तेथील वाद वाचताना हे शास्त्र किती जिवंत होते याचा प्रत्यय येतो. यज्ञाचा अधिकार केवळ पुरुषालाच आहे, असे ऐतिशायन नावाच्या आचार्यांचे मत तेथे मांडून मग खोडले आहे आणि पतीसह पत्नीलाही अधिकार आहे असा निर्णय दिला आहे. अधिकार सर्वांनाच असावा, असे बादरी नावाच्या आचार्यांचे मतही तेथे नोंदलेले आहे. ते मान्य झाले नाही आणि शूद्राला वैदिक कर्माचा अधिकार नाकारला गेला. परंतु त्याच अध्यायात रथकाराला अग्न्याधानाचा, तसेच निषादांच्या अधिपतीला एका विशिष्ट इष्टीचा अधिकार मान्य केला आहे, कारण तेथे वेदाचा शब्दच तसे सांगतो. अधिकार द्यावयाचा तो शब्दाच्या आधारे आणि नाकारावयाचा तोही शब्दाच्या आधारेच, ही मीमांसकांची वृत्ती होती.

याच अधिकाराच्या प्रश्नाने पुढे गागाभट्टांना रायगडावर आणले.

तो काळ काशीलाही सुखाचा नव्हता. इ. स. १६६९ साली औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वेश्वराचे देवालय पाडण्यात आले. पणज्यांच्या पुण्याईने उभे राहिलेले ते देवालय. त्यातील मुक्तिमंडपात काशीचे पंडित निर्णयासाठी जमत असत. हे सर्व गागाभट्टांच्या हयातीतच घडले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी ते दक्षिणेत एका नव्या सिंहासनाची प्रतिष्ठा करीत होते.

शिवाजीमहाराजांचे राज्य तेव्हा वस्तुतः स्थापन झालेले होते. दुर्ग होते, सैन्य होते, वसूल होता. नव्हती ती शास्त्राची मान्यता. कृष्णाजी अनंत सभासदाने इ. स. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत असे सांगितले आहे की यवन बादशहा सिंहासनावर बसून छत्र धरतात आणि एवढा पराक्रम केलेल्या मराठा राजाला मात्र सिंहासन नाही, ही खंत प्रथम गागाभट्टांनीच बोलून दाखविली. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत या कार्यातील बाळाजी आवजी चिटणिसांच्या खटपटीचे वर्णन आहे. मल्हार रामराव हे बाळाजी आवजींचे वंशज आणि ते लिहितात शतकाहून अधिक काळ लोटल्यावर. म्हणून त्यांच्या वर्णनातील काही भाग मीमांसेच्या भाषेत अर्थवाद म्हणून वाचावा हे बरे. आपल्या पूर्वजांची स्तुती वाचताना हा विवेक आपण सोडू नये.

अडचण केवळ मत्सरी लोकांनी उभी केलेली नव्हती. ती शास्त्रातच होती आणि मीमांसकाला ती इतरांहून अधिक स्पष्ट दिसत होती. जैमिनींच्या दुसऱ्या अध्यायात अवेष्टी नावाच्या इष्टीवर एक अधिकरण आहे. राजसूय राजाने करावा असे वेद सांगतो. पण राजा म्हणावे कोणाला? जो राज्य करतो तो राजा, की जो क्षत्रिय आहे तो राजा? पूर्वपक्ष असा की राज्य करील तो राजा. सिद्धान्त त्याच्या उलट आहे. राजा हा शब्द मूळचा क्षत्रियवाचक. आंध्र देशात राज्य न करणाऱ्या क्षत्रियालाही राजा म्हणतात, असा दाखला शबरस्वामींनी दिला आहे. कुमारिलांनी तर आपल्या काळी चारही वर्णांचे लोक राज्य करताना दिसतात हे मोकळेपणाने मान्य केले. तथापि सिद्धान्त बदलला नाही. अर्थात नुसत्या पराक्रमाने वैदिक अभिषेकाचा अधिकार येत नाही, असा हा निर्णय होता. ज्या कुमारिलांच्या मताचा अभिमान गागाभट्टांच्या घराण्याने चार पिढ्या वाहिला, त्याच कुमारिलांचा हा निर्णय!

त्यात आणखी एक पेच होता. कलियुगात क्षत्रिय आणि वैश्य उरलेलेच नाहीत, ब्राह्मण आणि शूद्र असे दोनच वर्ण शिल्लक आहेत, असे मत पुराणवचनांच्या आधारे पुष्कळ पंडित मांडीत. ते मान्य केले तर अभिषेकाचा विचारच खुंटतो. येथे गागाभट्टांच्या घरातील एक विचार लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांचे चुलते कमलाकरभट्ट यांनी शूद्रधर्मावरील आपल्या ग्रंथात या पुराणमताची चर्चा करून आपल्या वडिलांचे मत नमूद केले आहे. ते असे की क्षत्रिय आणि वैश्य कलियुगातही आहेत. आपल्या कर्मांपासून च्युत झाल्यामुळे ते झाकलेल्या रूपात आहेत, इतकेच. कमलाकरांचे वडील म्हणजे गागाभट्टांचे आजोबा रामकृष्णभट्ट. आजोबांनी काशीत बसून मांडलेला हा विचार नातवाच्या काळात एका राज्याच्या उपयोगी पडण्याजोगा होता. जे झाकलेले आहे ते प्रकट करता येते. जे लोपले ते संस्कार प्रायश्चित्तपूर्वक पुन्हा करता येतात.

रायगडावर याच क्रमाने सर्व झाले. भोसले कुळाचा संबंध उत्तरेकडील सिसोदे क्षत्रियांशी जोडला गेला. ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीस, म्हणजे २९ मे १६७४ रोजी, राहून गेलेल्या संस्काराबद्दल प्रायश्चित्त होऊन महाराजांचे मौंजीबंधन झाले. तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. त्यानंतर समंत्रक विवाहविधी झाला. आणि शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ६ जून १६७४ रोजी, आठ दिशांना अष्टप्रधान उभे असता अभिषेक होऊन महाराज सिंहासनाधिष्ठित झाले. राज्याभिषेक शक सुरू झाला. या विधीचा सर्व प्रयोग गागाभट्टांनी स्वतः रचला होता, तो वा. सी. बेंद्रे यांनी इ. स. १९६० मध्ये प्रकाशात आणला. पुत्राचा हा सोहळा डोळे भरून पाहिलेल्या जिजाऊसाहेब त्यानंतर पंधरवडा होण्यापूर्वीच निवर्तल्या.

सूत्रातील सिद्धान्त गागाभट्टांनी मोडला नाही. राज्य करणारा तोच राजा, असे म्हणून ते मोकळे झाले असते तर मीमांसकांनी त्यांना क्षणात निरुत्तर केले असते. त्यांनी सिद्धान्त जसाच्या तसा ठेवून त्याच्याच अटी पुऱ्या करून दिल्या. यास कोणी पळवाट म्हणेल, कोणी बुद्धिकौशल्य म्हणेल. आम्हांस असे वाटते की शास्त्र आणि लोकजीवन यांची फारकत होऊ न देता दोघांचाही मान राखण्याचा तो प्रयत्न होता.

या निर्णयाने सर्वांचे समाधान झाले असे मात्र नाही. निश्चलपुरी गोसावी नामक तांत्रिकाने गागाभट्टांच्या प्रयोगात उणिवा दाखविल्या आणि आश्विन शुद्ध पंचमीस, २४ सप्टेंबर १६७४ रोजी, तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. त्या पक्षाचे म्हणणे ‘शिवराजाभिषेककल्पतरु’ या ग्रंथात आहे. पूर्वपक्ष जतन करण्याची आपली परंपरा येथेही दिसून येते. गागाभट्टांचा भोसले घराण्याशी संबंध पुढेही राहिला. इ. स. १६८०–८१ च्या सुमारास त्यांनी संभाजीमहाराजांसाठी ‘समयनय’ हा ग्रंथ रचला.

आता आपल्या ज्ञातीचा विषय. पावनखिंडीत इ. स. १६६० मध्ये देह ठेवणारे बाजी प्रभू देशपांडे, पुरंदरावर इ. स. १६६५ मध्ये पडलेले मुरारबाजी आणि महाराजांची लेखणी सांभाळणारे बाळाजी आवजी, असे नरश्रेष्ठ ज्या ज्ञातीत होते, तिच्याही संस्काराधिकाराविषयी त्या काळी वाद उपस्थित होत. गागाभट्टांच्या ‘कायस्थधर्मदीपा’ने आपल्या ज्ञातीचे संस्कार क्षत्रियोचित म्हणून निरूपिले. बाळाजी आवजींच्या घरची मुंज त्यांनी केली अशीही परंपरा ज्ञातीत सांगितली जाते. वाद मात्र मिटला नाही. पेशवाईत ग्रामण्ये पुन्हा पुन्हा उद्भवली. विसाव्या शतकातही त्यावर लेखण्या झिजल्या. केशव सीताराम ठाकरे यांनी इ. स. १९१९ मध्ये ग्रामण्यांचा इतिहासच लिहिला. आणि ज्या छत्रपतींच्या कुळासाठी गागाभट्टांनी निर्णय दिला, त्याच कुळातील शाहू महाराजांना इ. स. १८९९ मध्ये कोल्हापुरास वेदोक्त की पुराणोक्त या प्रश्नास तोंड द्यावे लागले. सव्वादोनशे वर्षांनंतरही प्रश्न तोच, अधिकाराचा!

येथे थांबून आपण आपल्या मनाला एक प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते. आपल्याला अधिकार नाकारला गेला तेव्हा आपल्या पूर्वजांना जे दुःख झाले, ते आपण विसरलो नाही. त्या दुःखाची कहाणी आपण प्रत्येक पिढीला सांगतो. परंतु अधिकार सिद्ध झाल्यावर आपण दार आपल्यापुरतेच उघडे ठेविले आणि आपल्यामागे उभ्या असलेल्यांसाठी ते लोटून घेतले, असे तर झाले नाही? गागाभट्टांनी काहींना आत घेतले हे खरे. परंतु आत आणि बाहेर अशी रेघ त्यांनी पुसली नाही. त्या काळच्या पंडिताकडून तशी अपेक्षा करणे न्यायाचे नव्हे. आपण मात्र त्या काळात राहत नाही. इ. स. १९५० मध्ये अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि कायद्यापुढे सर्वांना समान मानले. बादरींचा बाजूस पडलेला पूर्वपक्ष अशा रीतीने जणू पुन्हा वर आला.

या ठिकाणी दुसऱ्या मीमांसेकडे, वेदान्ताकडे, वळणे प्राप्त होते. शंकराचार्यांचे पूर्वमीमांसकांशी मुख्य भांडण असे की ब्रह्म ही करावयाची वस्तू नव्हे, ती जाणावयाची वस्तू आहे. कर्माने जे मिळते ते उत्पन्न होते, म्हणून नाशही पावते. आत्मा तर सदैव आहेच. केवळ अज्ञानाचा पडदा दूर व्हावयाचा. मग या ज्ञानाचा अधिकारी कोण? नित्य आणि अनित्य यांचा विवेक, वैराग्य, शमदमादी गुण आणि मुक्त होण्याची तळमळ ही ज्याच्या ठायी आहेत, तो. येथे अधिकाराची खूण कुळात न शोधता अंतःकरणात शोधली आहे. तथापि सत्य लपवू नये. वेदाध्ययनाच्या बाबतीत बादरायणांच्या सूत्रांनी आणि आचार्यांच्या भाष्यानेही शूद्राला दार बंदच ठेविले. परंतु विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान झाले होते हे आचार्यांनी मान्य केले आणि इतिहासपुराणांच्या द्वारे चारही वर्णांना ज्ञान मिळू शकते असे सांगितले.

ती अर्धवट उघडी राहिलेली वाट महाराष्ट्रात रुंद झाली, आणि योगायोग असा की त्या कथेतही पैठण आहेच. शुद्धिपत्रासाठी ज्ञानदेवादी भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, अशी परंपरा आहे. त्याच ज्ञानदेवांनी इ. स. १२९० मध्ये गीतेचा वेदान्त मराठीत आणून कोणासही ऐकता येईल असा केला. पैठणच्याच एकनाथांनी आपले मराठी भागवत इ. स. १५७३ मध्ये काशीत पूर्ण केले. तेव्हा गागाभट्टांचे पणजे नारायणभट्ट त्याच नगरीत विद्यमान होते. एकाच गोदातीरावरून निघालेले हे दोन प्रवाह. एकाने संस्कृत निबंधांतून अधिकाराचा निर्णय केला, दुसऱ्याने मराठी ओवीतून अधिकाराचे कुंपण ओलांडले. आपल्या घरांनी या दोन्हींचे ऋण मानावे.

गागाभट्टांचे नाव आपण घेतो ते बहुधा प्रमाणपत्र म्हणून. त्यांच्या मीमांसेने त्याहून मोलाची एक वस्तू आपल्याला दिली आहे, ती म्हणजे विचाराची शिस्त. विषय नीट समजून घ्यावा, संशय दडवू नये, विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्याच्याच बळाने मांडावे, स्तुतीला आज्ञा समजू नये आणि मग निर्णय करावा. ज्ञातीच्या सभेत, घरातील मतभेदात, मुलांच्या विवाहाचा वा शिक्षणाचा विचार करताना ही शिस्त आजही तितकीच उपयोगी आहे. मुंजीत बटूच्या गळ्यात सूत्र पडते, त्या दिवशी त्याला गागाभट्टांचे नाव जरूर सांगावे. त्याबरोबरच अधिकार म्हणजे मिरवावयाची वस्तू नसून निभवावयाचे उत्तरदायित्व आहे, हेही सांगावे. घरातील कन्येलाही तेच सांगावे. पत्नीच्या अधिकाराविषयीचा ऐतिशायनांचा आक्षेप जैमिनींनी केव्हाच खोडून काढला आहे, हे तिला ठाऊक असलेले बरे.

केलेले कर्म दिसेनासे झाले तरी त्याचे अपूर्व टिकून राहते, असे गागाभट्टांचे शास्त्र सांगते. काशीच्या त्या घराण्याने चार पिढ्या केलेल्या विद्याव्यासंगाचे अपूर्व साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्यापर्यंत पोहोचले आहे. त्याचे फळ आपल्या घरांतून ज्ञानाच्या आणि औदार्याच्या रूपाने दिसो, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो. इति शम्.